शक्यतो न फुटणारी वस्तू

वरून कागद आला : विविधता सप्ताह.
प्रत्येक मुलानं घरून आणावी
आपल्या संस्कृतीची एक वस्तू,
शक्यतो न फुटणारी.

ग्रिम्सबीत मार्च म्हणजे काचांवर मीठ.
त्या उजेडात माझं टेबल भरत गेलं :
रेबीनच्या आजीचा चहाचा पेला, फुटणारा, पण आणलाच,
उग्नेचा हातमागावरचा लाल पट्टा,
तादीवाचं पत्र्याच्या पट्ट्यांचं वाद्य, त्यातली एक पट्टी मुकी.
मी आणली पैठणी,
आमच्या घरात कधीच कुणी न नेसलेली,
लेस्टरहून मागवलेली.
मुलं म्हणाली, वॉव, मिस.

रीस ओडलिंग काहीच आणेना.
"आमच्याकडे नाहीये, मिस."
काय नाहीये?
"संस्कृती. ती ह्यांच्याकडे असते."
'ह्यांच्या' म्हणताना त्यानं हनुवटीनं
अर्धा वर्ग दाखवला,
आणि मग जरा थांबून, मलाही.

अशा वेळी काय बोलायचं
ते प्रशिक्षणात शिकवलं होतं. तीन मुद्दे होते.
एकही आठवला नाही.

बुधवारी उग्नेच्या शेजारची खुर्ची रिकामी.
तिची आई गोदीमागच्या कारखान्यात
रात्रभर हॅडॉकची कातडी सोलते
आणि घरातले सगळे कोट एकाच दांडीवर वाळतात.
कुणी काही बोललं नाही. नुसती नाकं.
मग फरशीवर खुर्च्या सरकल्याचा आवाज,
आणि त्या आवाजासरशी मी दापोलीच्या शाळेत,
डब्यात सुक्या जवळ्याची चटणी,
तिघींच्या बाकावर एकटी,
ऐसपैस.
बाई तेव्हा खिडकीबाहेर बघत होत्या.
'वडिलांचा व्यवसाय' ह्या रकान्यात
मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : व्यापार.

खिडकीबाहेर बघायचं नाही,
इतकंच सुचलं.
जाऊन त्या रिकाम्या खुर्चीत बसले.
गुडघे टेबलाला लागत होते.
अपूर्णांक तिथूनच शिकवले.

गुरुवारी रीसनं दप्तरातून एक मोजा काढला.
मोज्यात सुई, लाकडाची, वीतभर,
कुणाच्या तरी अंगठ्यानं एका बाजूला झिजलेली.
"पणजीची. ती घरी बसून जाळी विणायची, बोटींसाठी.
आता बोटीच नाहीत.
बाबा म्हणाले, विचार, ही चालेल का."

चालेल का.

मी ती हातात घेतली, बघायला म्हणून,
आणि हातानं मला विचारलंच नाही :
सुतळी पट्टीवरून, खालून, वर,
अंगठ्यानं दाब, ओढ. गाठ.
पुढची. त्याच्या पुढची.
"मिस, तुम्हाला कसं येतं?"
टेबलावर पैठणी निर्लज्जासारखी चमकत होती.
माझे वडील मासे मारायचे, मी म्हणाले.
कुठल्याच शाळेत, कुठल्याच भाषेत
हे वाक्य मी आधी म्हटलं नव्हतं.

"माझी आई पण," उग्ने म्हणाली,
"फक्त तिचे आधीच मेलेले असतात."
वर्ग फुटला हसून. रीस सगळ्यात मोठ्यानं.
मग त्यानं तिला सुई दिली, आणि लगेच ओरडला,
"अशी नाही गं, सैल सोडतेस!"
ती पण ओरडली, तिच्या भाषेत.
काय म्हणाली ते मला कळलं नाही.
त्याला बहुधा कळलं.

शुक्रवारपर्यंत हातभर जाळं झालं,
प्रत्येक घर वेगळ्या मापाचं.
ह्यातून देवमासासुद्धा निसटेल.
पैठणी मी पिशवीत घालून घरी नेली.

सोमवारी उग्नेशेजारची खुर्ची
परत जराशी सरकलेली. वीतभर.
मागच्या आठवड्यात हातभर होती.

कागदाच्या मागे प्रश्न आहे :
कोणती उद्दिष्टं साध्य झाली?
उत्तरासाठी दीड ओळ.
मी पेन हातात घेऊन बसले आहे,
आणि सुई अजून माझ्या खणात,
ती कुणी मागायला आलेलं नाही.